आबांनी मला निवडलं नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आत्ता भराभर टाइप करतेय, कारण थांबले तर पुसून टाकेन — मला माहितेय मी कशी आहे.

आबा ऐकून माहीत असतील तुम्हाला. पुण्यात मुलांची नाटकं मोठी माणसंच करायची, तेव्हा ह्या माणसाने मुलांनाच स्टेजवर उभं केलं. मी त्यांच्याकडे गेले तोवर ते खूप म्हातारे झाले होते, पण मंडईमागच्या हॉलमधलं सुट्टीतलं शिबिर अजून तेच घ्यायचे. आणि तिथे एक पद्धत होती — कुणाला कुठला रोल, हे आबा ठरवायचेच नाहीत. सगळ्यांनी सगळे रोल करून बघायचे, मग मुलांनीच हात वर करायचे. आबा सतरंजीवर बसून फक्त हात मोजायचे. पहिल्या नाटकापासून हेच.

मला राणी व्हायचं होतं. म्हणजे — आईने विश्रांतवाडीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला सांगूनच टाकलं होतं. आणि हात वर गेले झोयासाठी. जवळजवळ सगळे. मी झाड झाले.

घरी काय सांगणार? मुलांनाच मी नको होते, हे? मी म्हटलं, आबांनी काढलं मला. म्हणाले, हिचा चेहरा राणीचा नाही. हे चेहऱ्याचं कुठून सुचलं? माहीत नाही. पण आईला खरं वाटावं म्हणून जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी आई हॉलवर. सगळी मुलं समोर बसलेली.

"अहो आबा, मुलं घडवता म्हणे तुम्ही. माझी कालपासून उपाशी आहे."

मग चेहऱ्याचंही ऐकवलं. आबांनी माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, वाट बघत. एवढी मुलं होती, एकाला जरी विचारलं असतं तरी संपलं असतं. त्यांनी नाही विचारलं. मी खाली बघत राहिले.

"चुकलं माझं," ते आईला म्हणाले. "राणी हीच करेल."

तेव्हापासून अडकलेय. टाळ्या मिळाल्या, पुढे नाटकं मिळाली, सगळीकडे माझी ओळख काय — आबांनी हेरलेली मुलगी. झोया परत आलीच नाही. तिच्या अब्बूंचं बुधवार पेठेत दुकान आहे. मी त्या गल्लीतून जात नाही. आणि पुढच्या सुट्टीत आबा म्हणाले, करा हात वर — तर मागून एकजण म्हणाला, "आबा, हात कशाला? आईलाच आणतो." सगळे हसले. मीही हसले, यार. त्या वर्षापासून आबा स्वतःच रोल वाटायला लागले.

गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभेत कुणीतरी विचारलं, हात वर करायची पद्धत आबांनी का सोडली असेल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माईक माझ्याच हातात होता.

मी म्हटलं, वय झालं होतं त्यांचं.