चांगुणाबाईंच्या मापाचा ओटा

रोज ऐंशी भाकरी थापणाऱ्या बाईला जमिनीवरून किती वेळा उठावं लागतं, सांगता का?

नाही ना येत? मलाही येत नव्हतं. म्हणून एका सकाळी शेजारच्या चांगुणाबाईंच्या उंबऱ्यावर बसून मी मोजलं. चाळीस भाकरीला एकोणीस वेळा. पीठ संपलं, ऊठ. सरपण संपलं, ऊठ. मीठ वर फळीवर, ऊठ. दारात कोंबडी शिरली, ऊठ. उरलेल्या चाळीस संध्याकाळी, म्हणजे पुन्हा तेवढंच.

चांगुणाबाई मिरजगावच्या. वय अठ्ठावन्न, उंची चार फूट आठ इंच, आणि बोलणं उंचीला न शोभणारं. हायवेवर बिभीषणचं हॉटेल आहे. पाटीवर 'चुलीवरची भाकरी' असं लिहिलंय ना, ती भाकरी या बाईची. नऊ वर्षं झाली. नवरा गेला त्याच वर्षी त्यांनी हे काम धरलं. "लोकं म्हनली, आता लेकाच्या हाताकडं बघायचं. म्हनलं, बघंन की, पन माझा हात रिकामा ठेवून न्हाई." भेटलेल्या प्रत्येकाला त्या हे ऐकवतात. मला तीनदा ऐकवलंय.

मार्चात एक दिवस चुलीपुढून त्यांना उठताच येईना. गुडघा अडकला. सून संस्कृतीने काखेत हात घालून उठवलं. कर्जतच्या डॉक्टरांनी एकाच वाक्यात निकाल दिला: खाली बसणं बंद.

मुलगा आदिनाथ टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "आये, बास झालं आता. ग्रॅनाईटचा ओटा करतो, गॅस हाय, घरापुरतं कर."

"आन् बिभीषनचं?"

"त्याचं तो बघंल."

एप्रिल लागल्यावर एका सोमवारी बिभीषण स्वतःच आला. माणूस वाईट नाही, पण धंदेवाला. दारातूनच म्हणाला, "मावशी, गॅसवरच्या भाकरी ठेवून बघितल्या. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. न्हाई जमलं तर भाकरीचं मशीन बघून ठेवलंय."

"मशीन चुलीवर भाजतंय का?"

"पाटी बदलंन मी."

तो गेल्यावर चांगुणाबाई थंड चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी खाली बसायचं न्हाई ना? मग चुलीलाच वर घेते."

मंगळवारी मच्छिंद्र मिस्त्रीला बोलावलं. त्याने टेप काढला, भिंतीवर रेघ मारली आणि विटा किती लागतील ते सांगून मोकळा. चांगुणाबाई रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या कोपराच्या जरा खाली.

"एवढ्या उंचावर मी थापू कशी रं? हाताचं वजनच पडायचं न्हाई."

"काकू, ओटा बत्तीस इंचाचा असतो. पुण्यापास्नं इथपर्यंत."

"कुनाच्या मापाचा?"

"मापाचा म्हंजे? ओट्याचं मापच हाय ते."

"तू घरी भाकरी थापतो का?"

"मी कशाला थापू?"

"मग तुला माप सांगितलं कुनी?"

मच्छिंद्र माझ्याकडं बघून हसला. म्हणे, पायाखाली पाट घ्या. तेव्हा माझं डोकं फिरलं. घर बाईचं, हात बाईचा, गुडघा बाईचा, आणि पाटावर चढायचं पण तिनेच! मी काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. तो टेप गुंडाळून निघून गेला. बाई मला म्हणाल्या, "ताई, मिस्त्री घालवला तुमी. आता विटा उचलायला या."

गेले.

सुनेची गोष्ट इथं सांगायला हवी. संस्कृती बारावी झालेली, चोवीस वर्षांची. स्वयंपाकघरांचे व्हिडिओ बघायचा तिला नाद. त्यात एक शब्द सारखा यायचा, फार्महाऊस. पांढऱ्या भिंती, जुन्या लाकडाच्या उघड्या फळ्या, दांडीला टांगलेली भांडी. तिनं मोबाईल सासूपुढं धरला.

"आत्या, असं करू. सगळं घरच्या घरी हुतंय."

"हे कुनाचं घर?"

"फार्महाऊस हाय. शेतातलं घर."

"मग आपलं काय हाय, विमानतळ?" पण बाईंनी चष्मा लावून व्हिडिओ दोनदा बघितला. "फळ्या चांगल्या हायेत. आपली मोडकी बैलगाडी पडलीय मागं."

घरामागं पत्र्याखाली बाईंच्या सासऱ्याच्या वेळची गाडी होती. तिच्या फळ्या सुनेनं काढल्या, वाळूनं घासल्या, करडईचं तेल पाजलं. त्यांचा रंग असा उठला की आदिनाथ म्हणाला, भंगारवाल्याला द्यायला निघालो होतो मी. दोन लोखंडी अँगल ठोकून त्या भिंतीवर बसवल्या, पण चांगुणाबाईंच्या हाताला येतील अशा. सून पाच फूट चार इंच. ती म्हणाली, मला वाकावं लागंल. सासू म्हणाली, वाक, तरनी हायेस. भिंतीला चुना दिला, त्यात चिमूटभर नीळ. जुन्या सळईची दांडी करून तिला उलथणं, पळी, चिमटा टांगले.

हे सगळं सोपं होतं. खरी गोष्ट चुलीची आणि ओट्याची.

बाई हुशार. चूल त्यांनी मंगळवारीच घातली, अंगणात, एका जाड पत्र्यावर. पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली माती, गव्हाचा भुसा, लीद. ओली चूल पेटवली तर तडकते, तिला ऊन पाहिजे, आणि एप्रिलचं ऊन कर्जत तालुक्यात कुणाला कमी पडत नाही. ओटा बांधून होईतो चूल वाळेल आणि मग पत्र्यासकट उचलून ठेवायची, असा हिशेब. धुरासाठी तेलाच्या रिकाम्या डब्यांचे तळ कापले, एकात एक बसवले आणि नळकांडं खिडकीतून बाहेर काढलं.

ओट्याचं माप कसं घ्यावं? टेप घरात नव्हता आणि बाईंना इंचांवर भरवसा नव्हता. त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि हवेत भाकरी थापायला लागल्या. थप, थप, थप. गोल फिरवली, कडेनं दाबली. संस्कृती खाली बसून तळव्याची उंची बघत होती. "आत्या, थांबा." तळवा जिथं थांबला तिथं कोळशाची खूण. मग हवेतच भाकरी उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. तव्याची खूण वेगळी, वीतभर खाली. म्हणजे ओट्याला दोन पायऱ्या, वरची थापायला, खालची चुलीची उंची वजा धरून चुलीला.

मला वाटलं, इंजिनियरने शिकावं असं माप आहे हे. बाईंनाही तसंच वाटत होतं.

गुरुवार-शुक्रवार विटा रचल्या. सिमेंट नाही, माती. बाई खुर्चीवर बसून हुकूम सोडायच्या, सून रचायची, मी चिखल द्यायचे. शनिवारी सकाळी आदिनाथने शहाबादी फरशी चढवली. बाईंनी काठवट आणली, फरशीवर ठेवली, पीठ मळलं आणि थापायला घेतलं.

तिसऱ्या थापेला हात थांबला. खांदे वर चढले होते. भाकरी एका कडेला जाड, एका कडेला फाटलेली.

आम्ही तिघी खुणेकडं बघायला लागलो. खूण बरोबर होती. ओटा खुणेला होता.

"आगं बया," बाई म्हणाल्या, "काठवट!"

हवेत थापताना काठवट कुठं होती? भाकरी फरशीवर थापत नाहीत, काठवटीत थापतात, आणि लाकडाची काठवट चार बोटं उंच. आयुष्यभर जी वस्तू गुडघ्यापुढं होती, तीच तीन बायका विसरल्या. मच्छिंद्रला कळलं असतं तर गावभर पाट वाटत फिरला असता.

परवा सोमवार. आदिनाथ म्हणाला, "आये, चार बोटांनी काय हुतंय? घे भागवून."

"तुझ्या टेम्पोच्या शिटावर चार बोटांची वीट ठेवते. जा पुन्याला."

"अगं पन..."

"जा की! जाऊन ये आन् सांग मला, काय हुतंय."

आदिनाथ उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण. पण त्याने बाहीनं तोंड पुसलं आणि फरशीच्या कडेला हात घातला. "धरा ताई तिकडनं," मला म्हणाला. फरशी उतरली. वरचा विटांचा थर काढला. माती वाळली नव्हती म्हणून विटा सुट्या निघाल्या. सिमेंट असतं तर रडलो असतो. दोन्हींतलं अंतर तेच राहावं म्हणून चुलीची पायरीही तेवढीच उतरवली. रविवारी दुपारी चूल चौघांनी पत्र्यासकट उचलली. कडेला एक बारीक भेग पडली होती, तिला बाईंनी तिथल्या तिथं मातीचा हात फिरवला.

सोमवारी सात वाजता चूल पेटली. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्या पाच भाकरी करपल्या. बसून काम करताना निखाऱ्याची धग तोंडावर कळते, उभ्यानं ती पोटाला लागते, आणि बाईंचा अंदाज चुकत होता. पाचही म्हशीपुढं गेल्या. सहावी फुगली. मग हात लागला. थापेचा आवाज बदलला तो मी ओसरीवरून ऐकला.

चाळीस भाकरी साडेदहाऐवजी अकराला हॉटेलवर पोचल्या. बिभीषणने फडकं उघडलं, एक मोडली, पापुद्रा बघितला, तुकडा तोंडात टाकला.

"उशीर झाला, मावशी."

"झाला. उद्या न्हाई हुनार."

"संध्याकाळच्या?"

"येत्यात की. तुझं मशीन कुठवर आलं?"

"राहू द्या आता ते," तो म्हणाला आणि भाकरी आत घेऊन गेला.

गुडघा अजून दुखतो. ओट्यानं गुडघा बरा होत नसतो, पण काम बाईंच्या हातात राहिलं. परवा मच्छिंद्र त्यांच्या दारात आला होता, टेप खिशात ठेवून. त्याची बायको म्हणे त्याला रोज विचारते, आपला ओटा कधी उतरवतोस. "काकू, ते हवेत थापायचं जरा दाखवा," म्हणाला. बाईंनी दाखवलं, आणि काठवटीचं आधीच सांगितलं.

आमच्याकडं या वर्षी बरीच घरकुलं उभी राहताहेत. प्रत्येक घरात ओटा बत्तीस इंचाचा, कारण कुणी विचारतच नाही. तुमच्या गावातही तेच चालू असणार. एक काम करा. पुढच्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका, घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला सोबत न्या, हा विषय तिलाच मांडू द्या. आणि ती बोलायला लागली की कृपा करून मधे तोंड घालू नका.