एका वेळी एकच सूर

मी सिंथेसायझर रागाच्या भरात घेतला. लोक रागावले की भांडी आपटतात, दार लावून बसतात. मी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानात काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून त्यातलं सगळ्यात महाग वाद्य बांधून मागितलं.

खरं तर साधा, शिकाऊ कीबोर्ड घ्यायला गेले होते. वय एक्कावन्न, केस निम्मे पांढरे, कोयलीकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. दुकानदाराने हसून विचारलं, “छोकरा माटे जोईए छे, बेन?” मुलासाठी हवंय का, एवढंच विचारलं बिचाऱ्याने. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मारा माटे,” मी म्हणाले, आणि बोट थेट वरच्या फळीकडे गेलं. ते वाद्य काय करतं, काय करत नाही, हे विचारायचीही तसदी घेतली नाही. विचारलं असतं तर माहीत नाही हे उघड झालं असतं ना!

त्याने माणूस ओळखला असावा. बिल देताना म्हणाला, “सात दिवसमां पाछुं आपशो तो लई लईशुं. पण खोखुं साचवजो.” म्हणजे खोकं जपून ठेवा, पुढच्या शनिवारी आठ वाजता दुकान बंद होईपर्यंत परत घेऊ. मी तोऱ्यात मान हलवली आणि रिक्षा केली.

त्या रागाचं मूळ दुकानात नव्हतं, घरात होतं. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. हाडाचे पेटीवाले. दिवसभर शाळेत संगीत शिकवायचे आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शिकवण्या. अर्ध्या बडोद्याच्या पोरांची बोटं त्यांनी पेटीवर बसवली असतील. मी नऊ वर्षांची असताना एकदा ते घरी नाहीत असं बघून पेटी उघडून बसले. ते दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटंही झाली नसतील, आणि म्हणाले, “राहू दे. तुला सूर नाही.”

मी पेटी झाकली ती झाकलीच. त्यानंतर गणपतीच्या आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवते. शेजारच्या बायकांना वाटतं, हिचा आवाज नाजूक आहे. एवढ्या वर्षांत बाबांशी मी त्या वाक्याबद्दल एकदाही बोलले नाही, पण विसरलेही नाही. आता सात दिवसांत मला एकच गोष्ट तपासायची होती: बाबा खरं बोलले होते का? आणि तेही त्यांना कळू न देता.

पहिल्याच संध्याकाळी धाबं दणाणलं. आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर वाद्य ठेवलं, वायर जोडली, दिवे लागले. पट्टी दाबली. काही नाही. सगळ्या पट्ट्या दाबल्या, सगळे नॉब फिरवले. चिडीचूप. एवढं महागाचं धूड आणि मुकं! लगेच दुकानात फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की यात स्पीकर येतच नाही, हेडफोन लावा, नाहीतर बाहेरचा स्पीकर जोडा. मी म्हटलं, ठाऊक आहे हो, पिन कुठली लागते तेवढंच विचारत होते. जाड पिन लागत होती. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद, म्हणून ती सोमवारी आणली.

ती लावल्यावर आवाज आला, पण व्हिडिओत बघून पाठ केलेले तीन सूर एकदम दाबले तर वाजला एकच. पुन्हा दाबले, पुन्हा एकच. परत फोन. “बेन, ए तो मोनो छे. एक वखते एक ज सूर.” एका वेळी एकच सूर. ते म्हणे त्याचं वैशिष्ट्य होतं, आणि जाणकार त्याच्यासाठीच घेतात. मी जाणकारासारखी “हं” म्हणून फोन ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

रोज कारखान्याच्या बसमधून उतरलं की चहा टाकायचा, बाबांना द्यायचा आणि खोलीचं दार लोटून हेडफोन चढवायचे, असं सुरू झालं. बाहेर फक्त पट्ट्यांचा टकटक आवाज जायचा. “काय गं एवढं टाईप करतेस?” बाबांनी मंगळवारी विचारलं. “ऑडिट आहे,” मी म्हणाले. या वयात बापाशी खोटं बोलताना कान तापतात, हे तेव्हा कळलं.

वाद्याच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढं एक चाक होतं. बुधवारी ते सहज पुढे ढकललं, आणि वाजत असलेला सूर पट्टी न बदलता वर सरकला. गाणारे घेतात तशी मींड. मी हात मागे घेतला. बाबांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीने पोखरलं होतं. पेटीत मींड निघत नाही. ही पट्टी दाबली की हा सूर, ती दाबली की तो, मधला रस्ताच नाही. म्हणून बाबा साथीला गेले की मोठे गवई पेटीला नाकं मुरडायचे आणि ते घरी येऊन जेवायचे नाहीत.

माझ्यासाठी मात्र ते चाक म्हणजे परीक्षा होती. पट्टी दाबून सूर काढण्यात कानाचं काय काम? पण चाक ढकलताना नेमकं कुठे थांबायचं हे यंत्र सांगत नाही, कानानेच ठरवावं लागतं. मी सा धरायची, डोळे मिटायची, चाकाने गंधारापर्यंत जायची आणि मग खरी पट्टी दाबून पडताळा घ्यायची. कधी तंतोतंत. कधी इतकं चुकलेलं की अंगावर काटा यावा. लॅबमध्ये असा नमुना आला तर आम्ही पुन्हा तपासायला घेतो. मी गुरुवारी तपासलं, शुक्रवारी तपासलं. निकाल काही केल्या लागेना. शुक्रवारी हेडफोन काढले आणि मला वाटलं, कशाला स्वतःला फसवायचं? ज्याला सूर असतो त्याला तीन दिवस लागत नाहीत. बाबा बरोबर होते. मनातून इतकं वाईट वाटलं की मी न जेवता झोपले.

शनिवारी सुट्टी होती. बाबा साडेपाचला बागेतल्या बाकावरच्या मंडळींत जातात ते सातला येतात. ते गेल्यावर मी खोकं काढलं. पण भरायच्या आधी वाटलं, एकदा तरी उघड्यावर ऐकावं. वाद्य बाहेरच्या खोलीत आणलं, जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडलं. आवाज भिंतींवर जाऊन परत आला. मी सा लावला, चाक हळूच ढकललं आणि खोली भरून गेली. भीती वाटली आणि छानही वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे वळले तर बाबा दारात, एका पायात चप्पल. मी पट्टीवरचं बोट उचललं.

“ही मींड कशातून निघाली?” त्यांनी विचारलं.

मी चाक दाखवलं. “ऊठ,” ते म्हणाले, आणि मी उठले. एक्कावन्नाव्या वर्षीसुद्धा ताडकन उठले. ते बसले. डावा हात आधी सवयीने भाता शोधायला गेला, मग चाकावर आला. त्यांनी यमन धरला. पहिल्या चार-दोन वेळा घसरले, आणि मग जे निघालं ते मी त्यांच्या पेटीतून जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. मला त्यांच्यासाठी भरून आलं, हे खरंच आहे. पण त्याच वेळी संतापही चढत होता. पाऊण तास झाला, पावणेआठ होत आले, आणि त्यांनी एकदाही मान वर करून मी कुठे उभी आहे हे बघितलं नाही.

“हे ठेवायचं हं आपण,” ते म्हणाले. “उद्यापासून मी सकाळी बसेन.”

“बाबा, उठा,” मी म्हणाले. “ते परत जायचंय. आठच्या आत.”

“परत? वेडी आहेस का? का?”

“मला सूर नाही म्हणून. तुम्हीच सांगितलंत.”

“मी? कधी?”

त्यांना आठवत नव्हतं. मी त्यांना तो दिवस सांगितला, पेटी, दार, सगळं. सांगताना आवाज चढला आणि मी तो चढू दिला. ते ऐकत राहिले. मग पट्ट्यांकडे बघून म्हणाले, “दिवसभर पोरांचं बेसूर ऐकून यायचो गं. घरात तरी कोणी वाजवू नये असं वाटायचं. त्या भरात काहीतरी बोललो असेन.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी माझ्यात काही उणं पाहिलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि हा माणूस नुसता दमलेला होता.

“मग आता सांगा,” मी म्हणाले. “आहे का मला सूर?”

“मला कसं माहीत असणार?” बाबा म्हणाले. “मी तुला कधी ऐकलंच नाही.”

मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. मग वाजवायला घेतलं. वाईटच वाजलं. मुद्दाम नाही, येत नव्हतं म्हणून. गंधार चुकला, पुन्हा घेतला, पुन्हा चुकला. बाबांचा हात दोनदा पुढे आला आणि दोन्ही वेळा मी “बसा” म्हणाले. मध्येच फोन वाजला, दुकानाचा असावा. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. साडेआठ वाजले तेव्हा मी अजून त्याच ओळीवर होते, आणि ते ऐकत होते.