अण्णांचा गुरुवारचा रविवार

चाकणच्या कंपनीत लागले तेव्हा साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते हे ऐकून मी हसलेच होते. म्हटलं, ही कसली सुट्टी? आख्खं जग रविवारी लोळत पडतं आणि आपण गुरुवारी! विजेच्या सोयीसाठी केव्हातरी या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवार ठरवून दिला म्हणे, आणि तोच चिकटला. बाकीच्यांचं फारसं काही अडत नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांचं अडतं. रविवारी सकाळी चिंचवडच्या चर्चमध्ये उपासना सुरू होते, तेव्हा मी गाड्यांच्या वायरी गुंडाळणाऱ्या पोरींच्या मागे उभी राहून ‘हात चालवा गं, हात चालवा’ करत असते. मी लाइन लीडर आहे. दुपारच्या शिफ्टचा आठवडा असला की सकाळ मोकळी मिळते, पण मग धुणी, डबे, अण्णांची आंघोळ, हे कोण करणार? असं करत करत रविवार सुटत गेले. सुरुवातीला रुखरुख लागायची. मग ती रुखरुखही बोथट झाली आणि त्या बोथटपणाचीच मला भीती वाटायला लागली. देवाघरी आपली गैरहजेरी लागते आहे आणि एक दिवस नावच कमी होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

आमच्यासारखीच शिफ्टमध्ये अडकलेली पाच-सहा घरं कासारवाडी ते आकुर्डीच्या दरम्यान आहेत. आम्ही मिळून गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थनेला बसतो. ढोलकी, टाळ, दोन-तीन भजनं, बायबलमधला शास्त्रपाठ, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, मग चहा-पोहे. खरं सांगते, मला ती कधी खरी उपासना वाटलीच नाही. उपासना चालवणारे पाळक नाहीत, बाक नाहीत, खाली सतरंजी आणि ऐन प्रार्थनेत शेजारच्या कुकरची शिट्टी. रविवार जमत नाही म्हणून काढलेली पळवाट, असंच मी समजत होते.

आमच्या घरात माझे सासरे आहेत, अण्णा. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचा सगळा जन्म गेला. तिथल्या लहानशा चर्चची घंटा ते वाजवायचे. घंटा झाली की स्वस्थ बसायचे नाहीत. जे आले नसतील त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. ‘चला हो, येळ झाली, उपासनेला चला!’ कुणी जेवत असो नाहीतर भांडत असो, त्याला उठवूनच आणायचे. सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे कासारवाडीला आणलं. मग हळूहळू त्यांची आठवण ढासळत गेली. नातवंडांची नावं गेली, गावाची वाट गेली, जेवलो की नाही हे गेलं. राहिलं ते एकच. घरातली माणसं अंघोळी करून घरात दिसली की विचारायचे, ‘पोरी, आज रविवार हाय ना?’ आणि मी म्हणजे तोंडाची फटकळ. त्यांना हाताला धरून कॅलेंडरपाशी नेणार, बोट ठेवणार, ‘गुरुवार आहे अण्णा, गुरुवार! किती वेळा सांगू?’ बिचारे ओशाळून खुर्चीत जाऊन बसायचे.

त्या गुरुवारी प्रार्थनेची पाळी आमच्याकडे होती. आमच्या ह्यांना भोसरीच्या कंपनीत ओव्हरटाइमला बोलावलं होतं, मुलं क्लासला. माझी कंबर आदल्या आठवड्यापासून धरलेली. सकाळीच मी सुमनमावशींना फोन केला की आज रद्द करू या का. मावशी आमच्या गटात सगळ्यांत मोठ्या, विधवा बाई, आवाज मऊ पण शब्द पक्का. म्हणाल्या, ‘तू फक्त दार उघडं ठेव, पोहे मी करून आणते.’ आता यावर काय बोलणार! मी चरफडत घर झाडलं, चर्चला नेसायची पांढरी साडी इस्त्री करून खुंटीला लावली, अण्णांना स्वच्छ सदरा घातला. दुपारी खालच्या मजल्यावरून सतरंज्या आणायला गेले. दोन्ही हात भरलेले असणार म्हणून दार नुसतं ओढून घेतलं होतं. शेजारणीनं दोन शब्द जास्त बोलून घेतले. वर आले तर दार सताड उघडं आणि अण्णांची खुर्ची रिकामी.

पहिल्यांदा संडासात पाहिलं, मग गच्चीवर, मग जिन्यात. खुंटीवरचा त्यांचा काळा कोट नव्हता. चपला जागच्या जागी होत्या, पेटीखाली ठेवलेले बूट मात्र गेलेले. मला काही सुधरेना. आमच्या इमारतीच्या मागूनच लोणावळ्याची लाइन जाते. पलीकडे जायला पूल आहे, पण लोक सर्रास रूळ ओलांडतात. आणि त्याच वेळी गाडीनं लांबच लांब हॉर्न दिला.  तशीच, घरातल्या मळक्या साडीवर, खाली धावले.

कुठे कुठे गेले ते आता सलग आठवत नाही. स्टेशनवर गेले, दोन्ही फलाट पाहिले. रुळांच्या कडेकडेनं चालले, आणि चालताना रुळांकडे बघायची हिंमत होत नव्हती आणि न बघताही राहवत नव्हतं. किराणावाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. हायवेच्या कडेला उभी राहिले, तर त्या गाड्यांच्या लोंढ्यात धडधाकट माणूस बावचळेल, मग आमचे अण्णा! ह्यांना फोन लावला. त्यांच्या कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात, नुसती रिंग वाजत राहिली. गेटवर फोन केला, निरोप ठेवला. आत निरोप पोचला की ते कसे धावत सुटतील, येताना गाडी कशी चालवतील, ही दुसरी काळजी त्यात. मनात एकच, बापाला माझ्या भरवशावर सोडून गेलाय हा माणूस, ह्याला मी काय तोंड दाखवू?

प्रार्थना करत होते की नाही? करत होते, अगदी अखंड. पण कशी, तर लाइनवर पोरींना कामं वाटून देते तशी. प्रभू, त्यांना रुळांपासून लांब ठेव. हायवे ओलांडू देऊ नकोस. कुणीतरी चांगला माणूस भेटव. हे यायच्या आत घरी आण. आत्ता, ताबडतोब! एक हुकूम संपला की दुसरा. आणि मध्येच मनात यायचं, वर्षभर ज्याच्या दाराशी गेली नाहीस त्याला कुठल्या तोंडानं सांगतेस? मग आणखी घाबरायचे आणि आणखी जोरात सांगायचे.

पोलीस चौकीत सांगून घरी परतले तोवर ऊन उतरलं होतं. आमची मंडळी एकेक करून यायला लागली होती. सुमनमावशी पोह्यांचं पातेलं घेऊन, ढोलकी वाजवणारा सॅमसन त्याच्या बायकोसह, तळेगावहून येणारं एक जोडपं. मी दारातच रडायला लागले. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. सॅमसननं ढोलकी खाली ठेवली आणि तळेगावच्या भाऊंना घेऊन बाइकवर निघालासुद्धा. मावशींनी मला पाणी दिलं आणि घरभर नजर फिरवली. झाडलेली खोली, घडी घातलेल्या सतरंज्या, खुंटीवरची पांढरी साडी.

‘कोट आणि बूट घालून गेलेत म्हणतेस ना?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, मग त्यांना आज रविवार वाटला. उपासनेला गेलेत ते.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोनाड्यात हात घातला तर त्यांचं गाण्यांचं पुस्तकही नव्हतं. लगेच चिंचवडच्या चर्चमध्ये फोन लावला. वॉचमन म्हणाला, ‘हां, आले होते ना एक आजोबा, रिक्षातून. आज बंद आहे म्हटलं तर लई नाराज झाले. अर्धा-पाऊण तास झाला असंल त्यांना जाऊन.’ पाऊण तास! कुठल्या रिक्षातून, कुठे, त्याला काहीच माहीत नाही. जिवंत आहेत एवढं कळलं आणि जीव भांड्यात पडायच्या आत पुन्हा हातातून निसटले. सॅमसनला फोन करून तिकडे पाठवलं. आता करायला काहीही उरलं नाही.

मावशींनी सतरंज्या अंथरल्या. म्हणाल्या, ‘वेळ झाली. सुरू करू या.’

मी अशी भडकले! ‘मावशी, तुम्हाला काही वाटतं का? माझा सासरा रस्त्यावर हरवलाय आणि तुम्ही भजनं म्हणताय? माझ्या घरात आज काही होणार नाही.’ मावशी रागावल्या नाहीत. माझा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, ‘तुला जे जे करता येण्यासारखं होतं ते तू केलंस की नाही? आता तुझ्या हातात काय आहे ते सांग.’

 खरंच काही नव्हतं. सांगायला एकही हुकूम शिल्लक नव्हता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, बाबा रे, आता तूच बघ. माझ्याच्यानं होत नाही. एवढंच. तिला प्रार्थना तरी म्हणायची का, माहीत नाही.

सॅमसनच्या बायकोनं ढोलकी घेतली. मावशींनी अण्णांच्या आवडीचं भजन उचललं, जे ते गावाकडे घंटा झाल्यावर पहिल्यांदा म्हणायचे. पहिलं कडवं मला म्हणताच आलं नाही. दुसऱ्याला मात्र काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडूनच म्हणायला लागले. सुरात नव्हते, रडत होते, पण म्हणत होते. खिडकी उघडी होती. मधूनच एक लोकल गेली, तिच्या आवाजात आमचा आवाज बुडाला आणि ती गेल्यावर पुन्हा वर आला.

तिसरं कडवं चाललं असताना जिन्यात बुटांचा आवाज झाला. मला तो ऐकूच आला नाही, मावशींनी माझा गुडघा दाबला म्हणून मी मान वळवली. दारात अण्णा! काळा कोट, वरपर्यंत बटणं लावलेली, बगलेत पुस्तक. आणि चेहऱ्यावर राग.

‘काय गं पोरी,’ अण्णा म्हणाले, ‘मी इतक्या लांब हाळ्या देत फिरतोय आन तुमी मला सोडूनच सुरू केलं व्हय?’

मी उठून त्यांच्या पायांना मिठीच मारली. ते बावरले. ‘आता रडू नको, बस खाली, गाणं अर्धं सोडू नये,’ म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले, पहिल्या ओळीत, भिंतीशी.

त्यांच्या मागे एक रिक्षावाला उभा होता, पन्नाशीचा, पिंपळे गुरवचा राहणारा. त्यानं दारातूनच सगळं सांगितलं. ‘ताई, हे फाट्याच्या बसस्टॉपवर हुबे होते. बसची वाट बघणाऱ्या समद्यांना म्हणत होते, चला, येळ झाली. लोक हसत होते. मला न्हाई बघवलं. चर्चला सोडा म्हणले, सोडलं, तर ते बंद. घर कुठं म्हणलं तर सांगता येईना. खिडकीतनं गाडी दिसती, एवढंच म्हणायचे. मग काय, रुळाच्या कडंकडंनं येक येक गल्ली फिरलो. आता चौकीत न्यावं म्हणून रिक्षा वळवली, आन ह्यांनी माझा खांदा धरला. थांब म्हणले, आमची उपासना चालू झाली. मला तर आधी काय ऐकूच येईना. यंजिन बंद केलं तवा ढोलकी ऐकू आली.’

मी त्याला हात जोडले. आत या म्हटलं, चहा घ्या. तो चपला काढता काढता लाजून हसला. ‘बसतो दोन मिंटं. मलाबी बोलावलंय आजोबांनी, वाटभर तेच चाललंय.’ आणि तो खरोखर बसला, दाराशी, मांडी घालून, आमची प्रार्थना संपेपर्यंत. तेवढ्यात आमचे हेही धापा टाकत आले. बापाला पहिल्या ओळीत डोलताना पाहून उंबऱ्यातच मटकन बसले.

ती गल्ली सापडणं, तो माणूस त्याच वेळी वळणं, आम्ही तेव्हाच गात असणं, यांचा अर्थ मी कुणाला पटवून द्यायला जात नाही. मला एवढंच माहीत आहे की मी दुपारभर धावून अण्णांना शोधू शकले नाही, आणि मी हताश होऊन बसले तेव्हा ते जिना चढून आले. जी प्रार्थना मी सकाळी रद्द करायला निघाले होते, तिच्याच आवाजानं ते घरी आले. ज्या सतरंजीला मी पळवाट म्हणत होते, ती त्यांनी रस्त्यावरून ओळखली. गैरहजेरीची ती भीती त्या दिवसानंतर मला फारशी शिवली नाही. हजेरी घेणाऱ्यानंच माझ्या दारात माणूस पाठवला होता.

काळज्या काही संपलेल्या नाहीत. शिफ्ट तीच, कंबर तीच, अण्णा दिवसेंदिवस अधिकच हरवत चाललेत. दाराला आता वरची कडी बसवली आहे आणि त्यांच्या कोटाच्या आत आमचा फोन नंबर शिवला आहे. अजूनही बसमध्ये बसल्या बसल्या मी देवाला कामं सांगत सुटते. मध्येच आठवतं, मग गप्प बसून ‘तू बघ’ म्हणते. जमेल तेवढा वेळ.

कॅलेंडरपाशी मात्र मी त्यांना पुन्हा नेलं नाही. गुरुवारी मी अंघोळ करून बाहेर आले की ते अजून विचारतात, ‘पोरी, आज रविवार हाय ना?’

‘होय अण्णा,’ मी म्हणते आणि पेटीखालचे त्यांचे बूट काढून देते.