मधे कोण बसलंय?

माझी आई धुळे जिल्ह्यातल्या एका लहान गावी टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून, बोर्डात वायरी खुपसून ती इकडचा माणूस तिकडच्याशी जोडून द्यायची. लाइन लागली की नाही, हे कळायला क्षणभर ऐकावंच लागे. तेवढ्यात कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे वडील गेले, हे तिच्या कानावर पडायचं. घरी मात्र त्यातलं अवाक्षर ती काढत नसे.

एकदा शाळेत चित्राला ‘पुढचं जग’ असा विषय दिला. मी घड्याळासारखा मनगटावर बांधायचा फोन काढला. त्याला वायर नव्हती आणि काचेत आईचा चेहरा होता. बाईंनी तो वर्गभर दाखवला. मी धावतच घरी आले.

आईनं चित्र खालीवर करून पाहिलं. बेचैन झाली की ती अहिराणीत बोले.

“मंग मजार कोन बठेल शे?”

“मधे कोणीच नाही बसलेलं!”

“असं होतच नाही. कोणीतरी असणारच. फक्त आपल्याला दिसणार नाही.”

मी रुसले. शाबासकी सोडून हे काय भलतंच?

पुढे मी लग्न होऊन जळगावला आले. सगळ्यांकडे मोबाइल आले, तसा आईलाही घेऊन दिला. पण फोनवर ती हवापाण्यापलीकडे बोलेना. “बरं आहे, ठेवते.” मला संशय यायचा, ही रागावली आहे, की वहिनी शेजारी उभी असते?

मागच्या वर्षी एका दुपारी ती न सांगता दारात उभी राहिली. गावाहून एकटी, बसनं. आल्याआल्या माझा मोबाइल तिनं स्वयंपाकघरात ठेवायला लावला, दार लोटलं, आणि मग सांगितलं, “छातीत गाठ लागते आहे. पंधरा दिवस झाले.”

“अगं, फोन का नाही केलास?”

“हे काय तिसऱ्याला ऐकवायचं असतं?”

मी ओरडले, मग रडले. दुसऱ्याच दिवशी तपासणी केली. रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो, असं तिथली मुलगी म्हणाली. आईनं साफ नकार दिला. कागद हातात मिळेपर्यंत आम्ही दोघी बाकावर दोन तास बसलो. मी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

गाठ साधी निघाली. तो कागद मी मोठ्यानं वाचायला लागले, तर तिनं माझा दंड दाबला.

“हळू वाच,” ती म्हणाली.