चिकटपट्टीची कॅसेट

ताराअक्का गेल्याची बातमी मला माझ्या सासूबाईंनी दिली. मी गोठ्याकडून येत होते आणि आत्याबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. "तारा गेली गं..." एवढंच म्हणाल्या. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं. आम्ही दोघी तिथेच दारातल्या पायरीवर बसून राहिलो. याच पायरीवर कधीकाळी आत्याबाईंनी ताराअक्कांना बसवलं होतं. आत बोलवलं नव्हतं. आज त्याच आत्याबाई पायरीवर बसून रडत होत्या आणि मला रडायचंही सुचत नव्हतं.

ताराअक्का आमच्या भागातल्या नर्सबाई. बौद्ध घरातल्या, कडेगावला राहायच्या, तीन मुलांची आई. खांद्याला लसीचा डबा आणि काखेत कापडी पिशवी घेऊन गावोगाव चालत फिरायच्या. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या त्या धाकटीला सुई टोचायला. पोरगी किंचाळत होती, थोरला घाबरून कणगीमागे लपलेला. त्याला बाहेर काढायला मी गोष्ट सांगत होते, डॉक्टरला शिंगावर घेणाऱ्या रेड्याची. सुई टोचून झाली तरी अक्का पायरीवरून उठेनात. म्हणाल्या, "ही गोष्ट कुठली?"

"कुठली न्हाई. माझी आपली... तोंडाला येईल ती."

"तोंडाला येती आन् वाऱ्यावर सोडतीस व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "ऐक. मग तू भर. मग दुसरीला दे."

आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता. आमचे हे फौजेत, जम्मूकडे. कॅन्टीनमधून आणलेल्या त्या टेपवरच आमचा पत्रव्यवहार चाले. ते तिकडून बोलून कॅसेट पाठवत, आम्ही इकडून. त्या दुपारी आत्याबाई रानात गेल्यावर मी अक्कांची कॅसेट लावली आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. एकीमागून एक बाया बोलत होत्या. एक गोधडी शिवता शिवता सांगत होती, लाल तुकड्याशेजारी हिरवा का लावायचा नाही ते. एक शेंगा फोडत स्वतः जुळवलेलं गाणं म्हणत होती. मध्येच कुणाचं पोर रडत होतं, कुणाचं दूध उतू जात होतं. मला वाटायचं, पोराबाळांच्या रगाड्यात असलं काहीबाही सुचणारी मी एकटीच खुळी. इथे तर खुळ्यांचा गावच वसला होता!

अक्कांचे कायदे तीनच. आधीच्या बाईला हाक मारून सुरुवात करायची. शेवटी "झालं माझं, आता तू बोल" म्हणायचं. आणि हातातलं काम थांबवायचं नाही. "काम संपल्यावर बोलीन म्हणशील तर जन्मात बोलणार न्हाईस," असं त्या म्हणत. नव्या कॅसेट घ्यायच्या नाहीत. जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या गोळा करायच्या, आणि वर भरता येऊ नये म्हणून ज्या खाचा असतात, त्यांवर जखमेची चिकटपट्टी चिकटवायची. झालं, कॅसेट पुन्हा कोरी. पट्टीवर नाव लिहायचं नाही, कारण नाव दिसलं की घरातले पुरुष लावून बघणारच.

मी भरली ती म्हशीची गोष्ट, आधी एका जुन्या वहीत उतरवलेली, धार काढता काढता. ही म्हैस म्हणते, सांजचा अर्धा तास माझा, तेवढ्यात मला कुणी हात लावायचा नाही. आणि मालकीण म्हातारी म्हणते, "म्हशीला कसला आलाय येळ? आमी काय येळ घेऊन जन्मलो हुतो?" आता ही म्हातारी कोण, ते आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

पुढचा घोटाळा माझाच. चिकटपट्टीची युक्ती इतकी आवडली की ह्यांच्या पत्राच्या कॅसेटलाही मी तीच पट्टी लावली. गावातला एक जवान रजा संपवून परत निघाला, त्याच्याबरोबर घाईघाईत कॅसेट दिली. दोन दिवसांनी शेजारणीला अक्कांची कॅसेट द्यायला काढली, लावून बघते तर आत्याबाईंचा आवाज... "बाळा, ऊस तुटला, खुशाल हाय." नऊ बायांनी विश्वासानं भरलेलं सगळं फौजेत पोचलं होतं. आणि त्यात ह्यांच्या आईची नक्कल, माझ्या तोंडची.

मी कडेगावला जाऊन अक्कांपुढे रडले. त्या स्टोव्हवर सुया उकळत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "खोटं बोललीस का त्यात?"

"न्हाई."

"मग रडतीस कशाला? बायांना मी सांगती. तू दुसरी गोष्ट भर." आणि खरंच, नऊही घरी त्या स्वतः गेल्या. माझं नाव घेतलं नाही. कॅसेट आपल्याच हातून हरवली, असं सांगितलं.

महिना-दीड महिना मी भीतीनं घास गिळत होते. मग ह्यांची कॅसेट आली, म्हणजे बायांचीच परत आली, मागच्या बाजूला ह्यांचा आवाज भरून. ह्यांची कॅसेट नेहमीच आत्याबाईंसमोर लागायची. हे बोलले, "आये, म्हशीची गोष्ट ऐकली. सगळ्या बराकीनं दोनदा ऐकली. म्हातारी तूच हाईस, पर म्हस बी खरं बोलती. हिला सांजचा येळ दे." आणि त्यानंतर वडूजकडचा कुणी जवान, "ताई, काम थांबवायचं न्हाई म्हणलंय म्हणून बटाटे सोलत बोलतोय..." असं म्हणून त्यानं आपल्या आईची कोंबड्यांशी बोलायची रीत साग्रसंगीत सांगितली. शेवटी, "झालं माझं, आता तू बोल."

आत्याबाईंनी त्याच परत आलेल्या कॅसेटवरची म्हशीची गोष्ट मागून घेऊन ऐकली. मी खांबाला टेकून उभी. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हातारी अशी मिळमिळीत बोलत न्हाई. जोरात बोलती." दुसऱ्या दिवशी सांजेला चरवी माझ्या हातातून काढून घेतली. "धार मी काढती. तू बस तुझ्या वहीला." पुढच्या वेळी अक्का आल्या तेव्हा आत पाट मांडला होता. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत तुम्ही माझ्या ज्या गोष्टी वाचल्या, त्या सगळ्या त्या अर्ध्या तासातल्या आहेत. तो अर्धा तास मला ताराअक्कांनी मिळवून दिला. अशा बाईची मी मैत्रीण होते, हे मी ताठ मानेनं सांगते.

पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा कडेगावात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही निघताना अक्कांच्या लेकीनं त्यांची शेवटची कॅसेट माझ्या हातात दिली. घरी येऊन लावली. सुया उकळायचा तोच खळखळाट, मागे स्टोव्हचा आवाज, आणि अक्का सांगत होत्या, पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला किती पाणी असतं ते... "झालं माझं, आता तू बोल." पुढे कोरी फीत.

मी बंद करणार, तोच आत्याबाई सूप घेऊन शेजारी बसल्या. "दाब ते भरायचं लाल बटण."

"आत्याबाई, सूप जरा खाली ठेवा की. आवाज येतोय."

"काम थांबवायचं न्हाई, तिचाच कायदा हाय न्हवं?" आणि ज्वारी पाखडत त्या बोलू लागल्या. "तारा... मी बोलतीया. किती म्हैनं तुला पायरीवर बसवली. माझ्याच नातीला टोचायला आलतीस, तरी बसवली. तू एकदा बी बोलली न्हाईस. मला गोष्ट येत न्हाई, गाणं येत न्हाई. एवढंच बोलायचं ऱ्हायलं हुतं." सुपातले खडे वेचून त्यांनी बाजूला टाकले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झालं माझं. आता तू बोल."

मी शेंगांची पाटी पुढ्यात ओढली आणि आधी त्यांना हाक मारली.