मर्सीबाईचं तिन्हीसांजेचं दार

मर्सीबाईने काशीला बाटवलं, अशी कुजबूज पहिल्यांदा नळावर उठली. रोज तिन्हीसांजेला दार लावून आत तिला कसलंसं पाणी पाजतात म्हणे. ते पाणी पाहिलेलं एकही माणूस मिरजोळ्यापुढच्या त्या खाडीकाठच्या वाडीत नव्हतं; पण त्याची चव कशी असते ते मात्र तिघीजणी सांगत होत्या.

खरं म्हणजे वाडीचा रुसवा आधीचाच. मिशनच्या दवाखान्यात परदेशातून नवी नर्सबाई येणार म्हटल्यावर लोकांनी गोरीपान मडम मनात धरली होती. रिक्षातून उतरली ती केनियातल्या मोंबासाची मर्सी, होडीवर उन्हात रापलेल्या खारव्यांहूनही काळी. वाडीला फसवल्यासारखंच झालं. त्यात तिचं मराठी पुण्यात शिकलेलं. मासेवाल्या मैनाला तिने विचारलं, "आपण बांगडा कसा दिलात?" मैना पाटी खाली ठेवून हसत सुटली. "आपण कोण गो? हय मी एकटीच उभी हाय!"

दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत मर्सी राही. पावसाने तिच्या चपलांना, बायबलाला, उशीलासुद्धा बुरशी धरली. पोरं केसांना हात लावून पळत. आईचा फोन आला की "सगळं छान आहे" म्हणे आणि मग कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसे. घरचं असं एकच काही इथे सापडलं, ते म्हणजे खवणी. तिच्यावर बसून ती सपासप नारळ खवायला लागली, तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या काशीने तोंडात बोटं घातली.

"ह्ये तुला कोणी शिकवलान?"

"माझ्या आईने."

त्या दिवसापासून काशी तिला 'बाय' म्हणायला लागली.

काशी विधवा, पन्नाशीची. तिचा एकुलता रितेश एमआयडीसीत कामाला. वाडीच्या रीतीभाती मर्सीला तिनेच शिकवल्या. डासांच्या भीतीने मर्सी दिवेलागणीला दार ओढून घेई.

"तिन्हीसांजेला दार लावू नये गो बाय. लक्ष्मी मागारी फिरते. आणि लोकांस वाटतं, आत काय तरी चाललाय."

मर्सीने ऐकलं. डास फोडून काढत. पण दार उघडं राहिलं, आणि शेजारणी उंबऱ्याशी थांबून दोन शब्द बोलायला लागल्या. परक्या मुलखात इतकं मिळालं तरी माणूस तगून जातं.

मग एका संध्याकाळी काशीच धापा टाकत आली नि म्हणाली, "दार लाव." मर्सीने तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. काही न विचारता मलम लावलं.

"कोणाला सांगू नको हां बाय," काशी म्हणाली. "पोराचं लगीन जमतंय."

मर्सीने शब्द दिला. त्यानंतर ते दार दररोज लागायला लागलं. शेजारणींचे दोन शब्द बंद झाले आणि नळावरचे दोनशे सुरू झाले.

शेवटी वाडीचे प्रमुख, गावकर, दहा-बारा माणसं घेऊन दवाखान्यात आले. सगळ्यांच्या पुढे रितेश. आवाजही त्याचाच चढलेला.

"माझ्या आयशीला बाटवलान हिने! हिला इथून हलवा!"

गावकरांनी काशीला पुढे बोलावलं. "काशी, बोल. तुला बाटवली का?"

काशीने मुलाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "मला काय कळत नाय," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही तरी सांगा. दार लावून काय करता?"

आता एक वाक्य बोलली असती तर मर्सी वाचली असती. वाक्य जिभेवर तयारही होतं, अगदी पुणेरी, शुद्ध. पण काशीने पाठीवरचा पदर घट्ट ओढून घेतलेला तिने पाहिला.

"प्रार्थना करते," मर्सी म्हणाली.

झालं. वाडीला जे हवं होतं ते तिच्याच तोंडून मिळालं. मिशनने आठवड्याभरात तिची विदर्भात बदली केली. निरोपाला कुणी आलं नाही, काशीसुद्धा नाही.

रितेशचं लग्न थाटात झालं. काशी डावा हात गळ्यात बांधून पंगतीत उभी होती. विहिरीवर घसरली, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

काशी कधी बाटली नव्हती. कामावरून सुटला की रितेश दारू पिऊन तिला मारायचा, आणि त्याला झोप लागेपर्यंत ती मर्सीबाईकडे बसून राहायची.