काचेखालची ओळ

हवामान बदलाच्या कामांना पैसा देणारी आमची संस्था. भिंतीवर प्रमुखांचे फोटो, खाली कोण कुठं शिकलं ते. मी रोज काचा पुसते.

एकदा मॅडम म्हणाल्या, "मावशी, चहाच्या प्रमुख तुम्हीच! तुमचाही लावू. शिक्षण?"

"सहावी. मग विहीर आटली, आईनं पाण्याला धाडलं."

त्यांनी फोटोखाली शब्द न् शब्द तेच लिहिलं. एवढा मान मला कुणी दिला नव्हता. पण ती ओळ पुसताना हात अडखळतो. बाकीच्यांच्या ओळी वाचून त्यांच्या आया सुखावत असतील. माझी आई गावाकडं अजून म्हणते, तुझी शाळा मीच बुडवली.

काल फोनवर फोटोचं सांगितलं, तर तिनं विचारलं, "फोटोखाली काय लिहिलंय गं?"

"नाव," म्हटलं, "नुसतं नाव."